घेतलेली जोडणी परत करताना : सॉफ्टवेअर लायब्ररी उतरविणे आणि डेटाबेस-जोडण्यांच्या सुरक्षित समापनाचा इतिहास

सारांश : संगणकीय आज्ञावलीने डेटाबेसशी जोडणी कशी घ्यावी याचे शिक्षण सर्वत्र दिले जाते, परंतु घेतलेली जोडणी केव्हा, कोणी व कोणत्या क्रमाने परत करावी याचा विचार त्यामानाने कमी होतो. विशेषतः एखादी सॉफ्टवेअर लायब्ररी चालू आज्ञावलीतून उतरविली जाते तेव्हा तिच्या ताब्यातील जोडण्यांचे काय होते, हा प्रश्न गेली चार दशके संगणकशास्त्राला पडत आला आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, शेवटच्या क्षणी आपोआप होणाऱ्या साफसफाईवर विसंबण्याचे प्रयत्न का फसले आणि स्पष्ट, क्रमबद्ध समापनाकडे ही विद्या पुन्हा का वळली, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस, जोडणी, सॉफ्टवेअर लायब्ररी, समापन, व्यवहार, रेल्वे टोकन, बल्लारपूर.

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा नदीच्या काठी वसलेले बल्लारपूर हे गोंड राजवटीच्या आठवणी जपणारे, कागद आणि कोळसा यांमुळे ओळखले जाणारे औद्योगिक शहर आहे. रेल्वेच्या नकाशावर ते ‘बल्हारशाह’ या नावाने ओळखले जाते. १९२९ मध्ये काझीपेठ ते बल्हारशाह हा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली व मद्रास ही शहरे या मार्गाने थेट जोडली गेली. उत्तरेकडे मध्य रेल्वे, दक्षिणेकडे दक्षिण मध्य रेल्वे आणि पूर्वेकडे चांदा फोर्टमार्गे गोंदियाकडे जाणारा, दीर्घकाळ नॅरोगेज व एकेरी राहिलेला मार्ग अशी या जंक्शनची रचना आहे. एका व्यवस्थेच्या ताब्यातून दुसऱ्या व्यवस्थेच्या ताब्यात गाडी सुखरूप सोपविणे हे अशा ठिकाणचे नित्याचे काम होय.

संगणकाच्या एका गुंतागुंतीच्या प्रश्नाचा इतिहास सांगण्यासाठी हे गाव निवडण्याचे कारण यातच आहे. आज्ञावली आणि डेटाबेस यांच्यातील जोडणी हीदेखील सोपवलेली वस्तू असते. ती घेणाऱ्याने परत केली नाही तर दुसऱ्याला मिळत नाही. ती अर्धवट अवस्थेत टाकून दिली तर तिच्यासोबत अपुरा व्यवहारही टांगून राहतो. रेल्वेने हा धडा एकोणिसाव्या शतकात घेतला. संगणकशास्त्राला तो पुन्हा एकदा, आणि बऱ्याच अपघातांनंतर, शिकावा लागला.

एकेरी मार्गाचा धडा

इंग्लंडमधील नॉर्विच शहराजवळ थॉर्प येथे १८७४ मध्ये एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. तारेने दिलेल्या आदेशातील गोंधळ हे त्या अपघाताचे कारण होते. या दुर्घटनेनंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट पद्धती तयार केली. दोन स्थानकांवरील दोन यंत्रे विजेच्या तारेने एकमेकांशी जोडलेली असत आणि त्यांतून एका वेळी एकच टोकन बाहेर काढता येई. ते टोकन हाती असल्याशिवाय चालकाने मार्गावर प्रवेश करायचा नाही आणि पलीकडच्या स्थानकावर ते यंत्रात परत गेल्याशिवाय दुसरे टोकन बाहेर यायचे नाही, असा नियम होता. भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर पुढे याच तत्त्वावर चालणारी नील यांची गोळा-टोकनाची यंत्रे वापरात आली.

या पद्धतीतील दोन बाबी आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, चालकाने टोकन चुकून पुढच्या स्थानकापर्यंत सोबत नेले तर मागील मार्ग प्रत्यक्षात मोकळा असूनही बंद राहतो. टोकन परत आणून यंत्रात ठेवल्याखेरीज तो खुला होत नाही. दुसरी बाब अशी की, टोकन परत करण्याचे काम धावत्या गाडीच्या प्रवासातील एक ठरलेली पायरी असते. इंजिन शेडमध्ये उभे करून विझविताना खिसे तपासण्याची ती बाब नव्हे. संगणकाच्या इतिहासात नेमकी हीच दुसरी बाब वारंवार विसरली गेली.

डेटाबेस, व्यवहार आणि आपला प्रदेश

आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना मांडली. त्याच संस्थेतील सिस्टीम आर आणि बर्कले विद्यापीठातील इंग्रेस या दोन प्रकल्पांनी सत्तरच्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. याच काळात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्यवहार’ ही कल्पना घडविली. व्यवहार एकतर संपूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये, अर्धा कधीही राहू नये, हे तिचे सार आहे. १९८३ मध्ये थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी या गुणधर्मांना आज प्रचलित असलेले ‘अ‍ॅसिड’ हे संक्षिप्त नाव दिले.

या कल्पनेचा जोडणीशी थेट संबंध आहे. प्रत्येक व्यवहार कोणत्यातरी जोडणीवर चालतो. व्यवहार चालू असताना त्याने स्पर्श केलेल्या नोंदींवर कुलुपे लागलेली असतात. जोडणी तुटल्याचे डेटाबेसला कळले तर तो अपुरा व्यवहार मागे फिरवतो आणि कुलुपे काढतो. मात्र जोडणी तुटलेलीही नाही आणि तिच्यावर कोणी कामही करीत नाही, अशी अवस्था आली तर कुलुपे तशीच राहतात. पुढे नेलेल्या टोकनासारखीच ही स्थिती होय.

आपल्या देशात हा प्रश्न सामान्य माणसाच्या जवळ आला तो दोन मार्गांनी. पहिला मार्ग रेल्वेचा. १९८५-८६ च्या सुमारास नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि १९८६ मध्ये रेल्वे सूचना प्रणाली केंद्र म्हणजेच ‘क्रिस’ या संस्थेची स्थापना झाली. क्रिसने विकसित केलेली ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे कार्यान्वित झाली आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांना जोडली गेली. बल्हारशाहसारख्या सीमेवरील स्थानकाला या जोडणीचे विशेष महत्त्व होते. कारण येथे थांबणाऱ्या गाड्यांच्या आरक्षणाच्या नोंदी एकाच केंद्रात नसतात. खिडकी एका केंद्राची आणि गाडी दुसऱ्या केंद्राची असताना, मध्येच तार तुटली तर आसन दिले गेले की नाही, या प्रश्नाला ठाम उत्तर असावेच लागते.

दुसरा मार्ग जमिनीच्या नोंदींचा. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातील आठ जिल्हे प्रायोगिक तत्त्वावर निवडले. महाराष्ट्रातून निवड झाली ती आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याची. त्या काळी नोंदी यंत्रात भरणे हेच मुख्य आव्हान होते. पुढे नोंदी मध्यवर्ती ठिकाणी गेल्या, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि गावातील शेतकरी व दूरवरचा डेटाबेस यांच्यामध्ये अदृश्य जोडण्यांची एक साखळी उभी राहिली. या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे जोडणी सांभाळणारी लायब्ररी.

चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या लायब्रऱ्या

येथे ‘लायब्ररी’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. अनेक आज्ञावल्यांना लागणारे समान काम एकदाच लिहून वेगळे ठेवले जाते, त्या संचाला सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणतात. आरंभी असा संच आज्ञावलीतच कायमचा मिसळून टाकला जाई. आज्ञावली संपली की तोही संपे. त्यामुळे ‘उतरविणे’ हा प्रश्नच नव्हता.

१९६५ पासून मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी विकसित केलेल्या मल्टिक्स प्रणालीत आवश्यक तेव्हाच संच जोडण्याची कल्पना रुजली. १९८५ मध्ये आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीने डीएलएल हा प्रकार वैयक्तिक संगणकावर आणला. १९८८ च्या सनओएस ४.० ने युनिक्सच्या जगात सामायिक लायब्रऱ्या रूढ केल्या. लायब्ररी चालू आज्ञावलीत चढविणे आणि काम झाले की उतरविणे आता शक्य झाले. स्मृती अत्यंत महाग असलेल्या त्या काळात उतरविणे ही चैन नसून गरज होती.

तथापि या सोयीबरोबर समाप्तीचे दोन भिन्न प्रकार अस्तित्वात आले आणि त्यांच्यातील भेद हाच या संपूर्ण इतिहासाचा कणा आहे. पहिल्या प्रकारात संपूर्ण आज्ञावलीच संपते. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टीम त्या आज्ञावलीची सर्व स्मृती आणि जाळ्यावरील सर्व जोडण्या स्वतः परत घेते. पलीकडच्या डेटाबेसला सहसा जोडणी बंद झाल्याचे कळते. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली जिवंत राहते आणि केवळ लायब्ररी उतरते. जोडणी मात्र आज्ञावलीच्या नावावर नोंदलेली असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम तिला हात लावत नाही. जोडणी उघडीच राहते. परंतु ती कोठे आहे हे ज्याला ठाऊक होते, तो संच निघून गेलेला असतो. मालक गेला, टोकन मात्र मार्गावर राहिले, असा हा प्रसंग असतो.

स्पष्ट करार : १९९२

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी हा डेटाबेस-जोडणीचा सामायिक मसुदा प्रसिद्ध केला. निरनिराळ्या डेटाबेससाठी निरनिराळे ड्रायव्हर, प्रत्येक ड्रायव्हर ही एक लायब्ररी आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक ड्रायव्हर-व्यवस्थापक, अशी ही रचना होती. त्यात परत करण्याचा क्रम ठरवून दिलेला होता. प्रथम चालू आदेश सोडायचे, नंतर जोडणी तोडायची, त्यानंतर जोडणीचा हवाला परत करायचा आणि सर्वांत शेवटी संपूर्ण वातावरण विसर्जित करायचे. ज्या क्रमाने घेतले त्याच्या उलट क्रमाने परत करणे, हे साधे तत्त्व त्यामागे होते. ड्रायव्हरची लायब्ररी उतरविण्याचा निर्णय व्यवस्थापक घेत असे आणि तोही जोडणी सुटल्यानंतरच.

हा करार पाळला गेला असता तर पुढील इतिहास फारसा सांगण्यासारखा राहिला नसता. परंतु प्रत्येक आज्ञावलीकार तो पाळेलच याची खात्री नव्हती. त्यामुळे लायब्ररी लिहिणाऱ्यांना एक मोह झाला. वापरणारा विसरला तरी, आपण उतरत असताना शेवटच्या क्षणी आपणच सर्व जोडण्या बंद करू, हा तो मोह होय.

शेवटच्या क्षणाचा मोह आणि त्याचे धोके

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने प्रत्येक डीएलएलला चढताना आणि उतरताना बोलाविले जाणारे एक प्रवेशद्वार दिले. तेच पुढे डीएलएल-मेन या नावाने परिचित झाले. शेवटची साफसफाई येथे करावी, असे स्वाभाविकपणे अनेकांना वाटले. या मार्गातील धोके पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला धोका कुलुपाचा. हे प्रवेशद्वार चालू असताना विंडोजने लायब्रऱ्या चढविण्या-उतरविण्याचे एक सामायिक कुलूप धरून ठेवलेले असते. जोडणी सांभाळणारा पार्श्वभूमीवरील थ्रेड थांबण्याची तेथे वाट पाहिली, तर त्या थ्रेडला संपताना तेच कुलूप लागते. एक दुसऱ्याची वाट पाहतो, दुसरा पहिल्याची आणि दोघेही कायमचे अडकतात.

दुसरा धोका क्रमाचा. डेटाबेसला निरोप देण्यासाठी जाळ्याची आणि सांकेतिकीकरणाची लायब्ररी लागते. समाप्तीच्या गोंधळात त्या आधीच आवरल्या गेलेल्या असू शकतात. विंडोजमधील जाळ्याच्या लायब्ररीचे आरंभ व समापन या प्रवेशद्वारात करू नये, अशी स्पष्ट सूचना म्हणूनच दिली गेली.

तिसरा धोका मागे राहिलेल्या पत्त्यांचा. लायब्ररीने आपल्या एखाद्या उपक्रियेचा पत्ता इतरांकडे ‘वेळ आली की मला बोलवा’ म्हणून देऊन ठेवलेला असतो. लायब्ररी उतरली तरी तो पत्ता तसाच राहतो. पुढे कोणी त्या पत्त्यावर गेले तर तेथे काहीच नसते आणि संपूर्ण आज्ञावली कोसळते.

विंडोजच्या रचनाकारांना समाप्तीच्या दोन प्रकारांतील भेद ज्ञात होता, याचा पुरावा त्या प्रवेशद्वाराच्या एका घटकात सापडतो. केवळ लायब्ररी उतरत आहे की संपूर्ण आज्ञावली संपत आहे, हे त्या घटकावरून ओळखता येते. संपूर्ण आज्ञावली संपत असेल तर साफसफाई करू नये, असे अधिकृत मार्गदर्शन आहे. कारण तोवर इतर थ्रेड मध्येच नाहीसे झालेले असतात आणि त्यांनी धरलेली कुलुपे आता कोणीही उघडणार नसते.

याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या कॉम या घटकरचनेने वेगळा मार्ग अवलंबिला. लायब्ररी परस्पर उतरविण्याऐवजी ‘तुला आता उतरविता येईल काय?’ असे तिला विचारण्याची सोय त्यात होती. लायब्ररी आपल्या जिवंत वस्तूंची संख्या मोजून होय किंवा नाही असे उत्तर देई. उतरविण्यापूर्वी संमती घेण्याचे हे तत्त्व या इतिहासातील एक महत्त्वाचे पाऊल मानावे लागेल.

युनिक्स, जावा आणि वेबचा काळ

युनिक्सच्या बाजूस हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात आला. १९८९ च्या सी भाषेच्या मानकात ‘एटएक्झिट’ ही सोय होती. आज्ञावली संपताना करावयाची कामे तिच्याकडे नोंदवून ठेवता येत. ती केवळ आज्ञावलीच्या समाप्तीचा विचार करून बनविली होती. लायब्ररी मध्येच उतरली तर नोंदविलेला पत्ता पोकळ होई. सी++ च्या पुढील सामायिक संकेतांत प्रत्येक नोंद कोणत्या लायब्ररीची आहे, हेही लिहून ठेवण्याची तरतूद झाली. त्यामुळे लायब्ररी उतरताना तिच्यापुरतीच कामे आधी उरकणे शक्य झाले. तरीही प्रत्येक थ्रेडच्या अखेरीस करावयाच्या कामांचा प्रश्न शिल्लक होता. थ्रेडशी निगडित असे काम बाकी असेल तोवर लायब्ररी उतरूच द्यायची नाही, अशी व्यवस्था जीलिबसीच्या २.१८ या आवृत्तीत २०१३ मध्ये झाली.

वेबच्या प्रसाराने हा विषय तज्ज्ञांच्या कक्षेतून बाहेर आला. २००७ च्या सुमारास विंडोजवर पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरणाऱ्या अनेकांना, काही थ्रेड संपलेच नाहीत अशा अर्थाचा एक संदेश दिसू लागला. मायएसक्यूएलची लायब्ररी आवरताना आपल्या नोंदीतील थ्रेड परत येण्याची पाच सेकंद वाट पाही आणि मग हा संदेश देऊन पुढे जाई. तिच्या हिशेबात थ्रेड घेतल्याची नोंद होती, परत केल्याची नव्हती.

जावा भाषेत जेडीबीसी ही जोडणीची व्यवस्था १९९७ मध्ये समाविष्ट झाली. येथे लायब्ररी थेट उतरविता येत नाही. तिच्याकडे बोट दाखविणारे कोणीही उरले नाही, तरच ती स्मृतीतून जाते. परंतु जेडीबीसीचा ड्रायव्हर चढताच आपले नाव एका मध्यवर्ती व्यवस्थापकाकडे नोंदवितो. वेब-अनुप्रयोग थांबविला तरी ती नोंद राहते, नोंदीमुळे ड्रायव्हर राहतो आणि ड्रायव्हरमुळे संपूर्ण अनुप्रयोग स्मृतीत अडकून पडतो. नवी आवृत्ती पुन्हा पुन्हा चढविली की अशा अडकलेल्या प्रतींचा ढीग होऊन अखेर सर्व्हर थांबतो. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या टॉमकॅट ६.०.२४ ने अशा ड्रायव्हरचा शोध घेऊन त्याची नोंद सक्तीने रद्द करण्यास आणि तसा इशारा देण्यास प्रारंभ केला.

माघार की शहाणपण?

गेल्या दशकाचा इतिहास पाहता, लायब्ररी उतरविण्याच्या कल्पनेतूनच अनेकांनी माघार घेतल्याचे दिसते. अनेक डेटाबेस-ड्रायव्हर ज्या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीवर अवलंबून असतात, त्या ओपनएसएसएलने २०१६ च्या १.१.० आवृत्तीपासून स्वतःला स्मृतीत खिळवून ठेवण्याचे धोरण स्वीकारले. मसल या लिनक्सवरील सी लायब्ररीत ‘उतरव’ ही आज्ञा दिली तरी प्रत्यक्षात काहीही उतरत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये विस्तार-लायब्ररीला उतरताना बोलाविण्याची एक उपक्रिया होती. पण उतरविणेच दीर्घकाळ बंद असल्याने ती निरुपयोगी झाली आणि २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत काढून टाकली गेली. जावातील ‘फायनलाइझ’, म्हणजे वस्तू नष्ट होताना आपोआप साफसफाई करण्याची सोय, २०१७ मध्ये त्याज्य ठरविण्यात आली आणि २०२२ मध्ये ती पूर्णपणे काढून टाकण्याचा मनोदय जाहीर झाला.

त्याच वेळी स्पष्ट समापनाचे मार्ग भाषांमध्येच रुजले. २००२ च्या सी-शार्पमधील ‘युझिंग’, २००६ च्या पायथन २.५ मधील ‘विथ’ आणि २०११ च्या जावा ७ मधील तत्सम रचना यांचा अर्थ एकच आहे. जोडणी ज्या ओळींसाठी घेतली त्या ओळी संपताच ती परत गेली पाहिजे, मग काम यशस्वी होवो अथवा मध्येच चूक होवो. सी++ मध्ये हे तत्त्व त्याच्याही आधीपासून प्रचलित होते.

ही केवळ माघार नव्हे. उतरण्याचा क्षण साफसफाईसाठी फार उशिराचा असतो, हे सत्य यातून मान्य झाले. ज्या प्रणालीला लायब्ररी उतरविणे खरोखर आवश्यक आहे तिने नवे काम घेणे थांबवावे, चालू कामे संपू द्यावीत, अपुरे व्यवहार मागे फिरवावेत, आदेश व जोडण्या उलट क्रमाने बंद कराव्यात, पार्श्वभूमीवरील थ्रेड थांबवून ते खरोखर थांबल्याची खात्री करावी, इतरत्र दिलेले पत्ते मागे घ्यावेत आणि त्यानंतरच लायब्ररी उतरवावी. समापनाची आज्ञा चुकून दोनदा दिली गेली तरी दुसऱ्यांदा काही बिघडू नये, हीदेखील दक्षता हवी.

पलीकडचा पहारा आणि वनप्रदेशाचे वास्तव

घेणाऱ्याने परत करावे हे खरे असले, तरी देणाऱ्याने पहारा ठेवावा हेही तितकेच खरे आहे. जोडणी मध्येच मुकी झाली तर सर्व्हरला ते लगेच कळत नाही. लिनक्समध्ये मुक्या जोडणीची चाचपणी सुरू होण्याची मूळ मुदत दोन तासांची असून, तीही चाचपणीची सोय चालू केलेली असेल तरच लागू होते. मायएसक्यूएलमध्ये निष्क्रिय जोडणी बंद करण्याची मूळ मुदत २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास आहे आणि एकूण जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे. पोस्टग्रेसने व्यवहार उघडा ठेवून स्वस्थ बसलेल्या जोडणीसाठी स्वतंत्र मुदत २०१६ मध्ये, तर सर्वसाधारण निष्क्रिय जोडणीसाठी २०२१ मध्ये उपलब्ध करून दिली.

या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या कार्यालयातील अखंड चालणारी सेवा दर तीन मिनिटांनी एक लायब्ररी चढविते व उतरविते आणि प्रत्येक वेळी एक जोडणी मागे राहते. १५१ जोडण्या भरण्यास ४५३ मिनिटे, म्हणजे साडेसात तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. पहिल्या अनाथ जोडणीची आठ तासांची मुदत संपण्यापूर्वीच सर्व जागा भरलेल्या असतील. सकाळी दहाला सुरू झालेली सेवा सायंकाळी साडेपाचच्या सुमारास नवीन जोडणी नाकारू लागेल. दिवसभर सर्व सुरळीत असते, म्हणून दोष कोणाच्या लक्षात येत नाही. सेवा बंद करून पुन्हा सुरू केली की ऑपरेटिंग सिस्टीम सर्व जोडण्या परत घेते आणि दोष पुन्हा दृष्टिआड होतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्याने ज्याची बोळवण होते, त्यामागे कधीकधी इतके क्षुल्लक कारण असू शकते.

मोठ्या शहरात अशा खोळंब्याचे मोल काही मिनिटांचे असेल. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड किंवा एटापल्लीच्या दुर्गम गावातून एका दाखल्यासाठी आलेल्या माणसाला तो खोळंबा एका दिवसाच्या मजुरीचा आणि परतीच्या बसचा पडतो. शिवाय वनप्रदेशात जाळे मधूनमधून तुटणे हा अपवाद नसून नियम आहे. जेथे जोडण्या वारंवार तुटतात, तेथे त्या सोडण्याची शिस्तही अधिक काटेकोर असावयास हवी. सशक्त जाळ्यावर खपून जाणारी चूक येथे खपत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. आज्ञावलीची समाप्ती आणि लायब्ररीचे उतरणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीत ऑपरेटिंग सिस्टीम जोडण्या परत घेते. दुसरीत त्या परत करण्यास लायब्ररीखेरीज कोणीही नसते. शेवटच्या क्षणी आपोआप साफसफाई करण्याचे जे प्रयत्न १९९३ नंतर झाले, त्यांपैकी बहुतेक कुलूप, क्रम आणि पोकळ पत्ते या तीन कारणांनी अडचणीत आले. म्हणून समापन हे उतरण्यापूर्वीचे स्वतंत्र आणि स्पष्ट पाऊल असले पाहिजे आणि त्याला सर्व्हरच्या बाजूने योग्य मुदतींच्या पहाऱ्याची जोड असली पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात जोडणी घेऊन उत्तर पडद्यावर आले की गुण मिळतात. ती जोडणी परत गेली का, मध्येच चूक घडली असती तर परत गेली असती का, आणि लायब्ररी पुन्हा चढविल्यावर सर्व्हरवरील जोडण्यांची संख्या पूर्वीइतकीच राहिली का, हे तीन प्रश्न प्रात्यक्षिक-परीक्षेत विचारले जावेत, असे येथे सुचवावेसे वाटते. त्यासाठी कोणतेही नवे उपकरण लागत नाही. चालू जोडण्यांची यादी डेटाबेस स्वतःच दाखवितो. एकेरी मार्गावरील स्टेशनमास्तर गाडी स्थानकात आली एवढ्यावर मार्ग मोकळा समजत नसे. टोकन यंत्रात परत पडल्यावरच तो पुढच्या गाडीला वाट देई.